बातमीतला ‘सराईत’ कोण? गुन्हेवृत्तांतून घडणारी भटक्या-विमुक्तांची प्रतिमा तपासण्याची पद्धत

पारधी, कैकाडी, वडार, रामोशी, कंजारभाट ही नावे शहरी मराठी वाचकाच्या नजरेस प्रथम पडतात ती बहुधा गुन्ह्याच्या बातमीत. या समाजांतील माणसे त्याच्या शेजारात, कचेरीत किंवा नात्यागोत्यात क्वचितच असतात, त्यामुळे बातमीने दिलेले चित्र पडताळून पाहण्यासाठी त्याच्याजवळ दुसरा आधार नसतो. हे चित्र एखाद्या धडधडीत खोट्या बातमीने तयार होते असे नाही. बहुतेक बातम्या आपल्यापरीने खऱ्या असतात. चोरी झालेली असते, अटकही झालेली असते. साचा तयार होतो तो कोणती खरी गोष्ट सांगितली, कोणती वगळली, कोणाची जात लिहिली आणि कोणाला बोलू दिले या निवडींतून. या निवडी रोज थोड्याथोड्या होत असल्यामुळे एकेका बातमीत त्या डोळ्यांत भरत नाहीत, आणि म्हणूनच त्या तपासण्याची पद्धत ठाऊक असावी लागते.

हा लेख त्या पद्धतीविषयी आहे. पत्रकारितेचे विद्यार्थी, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, वाचनालयांचे अभ्यासगट आणि तालुक्याच्या ठिकाणी नव्याने बातमीदारी करू लागलेली तरुण मंडळी यांना ती वापरता येईल. उदाहरण भटक्या-विमुक्तांचे घेतले आहे, कारण त्यांच्याबाबत साच्याचा उगम थेट कायद्यापर्यंत मागे नेऊन दाखवता येतो.

आधी इतिहास माहीत करून घ्यावा

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रथम तो उत्तर भारतात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याचा विस्तार देशभर झाला. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्यात जन्मलेल्या माणसाची नोंद पोलिसांकडे होई, त्याला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. अनेकांना सेटलमेंट म्हटल्या जाणाऱ्या वसाहतींत ठेवले गेले. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून हे समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्या कायद्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. कागदावर तो व्यक्तीपुरता होता, जमातीला लागू नव्हता. पोलिस ठाण्यांच्या सवयी मात्र कायद्याबरोबर रद्द झाल्या नाहीत.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला कारागृह नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या, आणि त्याच निकालात विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानण्याच्या वृत्तीचाही विचार झाला. जी वृत्ती नियमावलीत एवढी वर्षे टिकली ती बातमीच्या भाषेत टिकली नसती तरच नवल होते. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती म्हणून चौदा समाज आहेत, आणि पारध्यांचे काही गट अनुसूचित जमातीत मोडतात. तपास सुरू करण्यापूर्वी एवढे तरी नीट समजून घ्यावे, कारण बातमीत नुसते ‘पारधी’ म्हटले की हे सगळे भेद पुसले जातात.

प्रश्न लहान ठेवावा

‘माध्यमे अमुक समाजाविषयी काय दाखवतात’ असा अफाट प्रश्न घेऊन बसले की हाती ठरावीक विधानांखेरीज काही लागत नाही. एक वृत्तपत्र, एक जिल्हा आवृत्ती आणि सलग तीन महिने एवढीच मर्यादा ठरवून घ्यावी. मुख्य आवृत्तीपेक्षा जिल्हा आवृत्ती घेणे अधिक उपयोगाचे, कारण तालुका प्रतिनिधीने पोलिसांच्या प्रेसनोटवरून केलेली बातमी तेथे जवळजवळ जशीच्या तशी छापली जाते. ई-पेपर उघडता येत असेल तर पानाचा पूर्ण फोटो जपून ठेवावा. नुसते कात्रण ठेवले की बातमी पानावर कोठे होती आणि तिच्या शेजारी काय होते हे हरवते. शोध केवळ समाजाच्या नावाने करू नये. घरफोडी, जबरी चोरी, दरोडा आणि फसवणूक या गुन्ह्यांच्या सगळ्याच बातम्या गोळा कराव्यात. ज्यांत जातीचा उल्लेख नाही अशा बातम्या हाती असल्याशिवाय तुलना होत नाही, आणि तुलनेवाचून केलेला आरोप संपादकासमोर टिकत नाही.

नोंदवहीत प्रत्येक बातमीसाठी एक ओळ ठेवावी आणि पुढील गोष्टी लिहाव्यात: तारीख व पान, मथळा जसाच्या तसा, आरोपीचा समाज लिहिला आहे का व कोठे, माहिती कोणी दिली, बातमीत प्रत्यक्ष कोण बोलले आहे, छायाचित्रात कोण कसे दिसते, आणि पुढे खटल्याचे काय झाले. शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामा राहील, पण तो आखून ठेवावाच.

एक बातमी ओळीओळीने

आता प्रत्यक्ष वाचन. पुढील मजकूर कोणत्याही वृत्तपत्रातून घेतलेला नाही. रोजच्या वळणाची बातमी कशी असते ते दिसावे म्हणून नमुन्यादाखल मी तो रचला आहे.

“पारधी टोळी जेरबंद. तालुक्यात गेल्या काही दिवसांपासून धुमाकूळ घालणाऱ्या टोळीच्या मुसक्या आवळण्यात स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाला यश आले. गुप्त बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून पथकाने गावाबाहेरील पालांवर पहाटे छापा टाकून चौघांना ताब्यात घेतले. पोलिसी खाक्या दाखवताच आरोपींनी गुन्ह्यांची कबुली दिली. त्यांच्याकडून आणखी गुन्हे उघडकीस येण्याची शक्यता आहे.”

मथळ्यातच समाजाचे नाव गुन्ह्याला चिकटवले आहे. चौघांनी केल्याचा संशय असलेले कृत्य संपूर्ण समाजाच्या नावावर गेले आणि बातमीचा उरलेला भाग न वाचणाऱ्याच्या मनात तेवढेच राहिले. भारतीय प्रेस परिषदेच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत असे स्पष्ट आहे की सर्वसाधारणपणे व्यक्तीच्या जातीचा उल्लेख टाळावा, आणि ज्या संदर्भात तो त्या जातीला कमीपणा आणणारा ठरेल तेथे तर विशेषत्वाने टाळावा. ‘जेरबंद’ हा शब्द जनावराच्या बाबतीत चालतो तसा येथे सहज चालून गेला आहे. ‘धुमाकूळ घालणारी’ असे म्हणताना या चौघांनीच आधीच्या सर्व चोऱ्या केल्या हे सिद्ध झाल्यासारखे गृहीत धरले आहे. वास्तविक त्या दिवशी तपास सुरूही जेमतेम झालेला असतो.

सर्वांत जास्त थांबावे ते चौथ्या वाक्यापाशी. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या तेविसाव्या कलमातही ती आहे. कायद्याने ही काळजी घेतली ती मारहाणीने कबुली वदवून घेतली जाते हे ठाऊक असल्यामुळेच. ‘खाक्या दाखवताच’ हे शब्द त्या मारहाणीकडेच बोट दाखवतात, पण बातमीत ते कौतुकाच्या सुरात येतात. एका ओळीत छळाची शक्यता, बेकायदा कबुली आणि दोषसिद्धीचा निर्वाळा असे तिन्ही एकत्र आलेले असताना वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही, याचे कारण आरोपीविषयीचे त्याचे मत मथळ्यातच ठरून गेलेले असते. मला या एका वाक्प्रचाराविषयी फार तीव्रतेने वाटते. मराठी वृत्तपत्रांनी तो कायमचा सोडून द्यावा.

‘पालांवर पहाटे छापा’ यात पाल, म्हणजे भटक्या कुटुंबाची तंबूवजा झोपडी, हे कोणाचे तरी घर आहे ही जाणीव नाही. तेथे त्या वेळी आणखी कोण होते, बायका-मुलांचे काय झाले, भांडीकुंडी जागेवर राहिली का, हे विचारायला प्रतिनिधी गेलेला नाही. ताब्यात कधी घेतले हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे, आणि अटकेची कागदावरची वेळ व माणूस घरातून नेल्याची वेळ एकच आहे का, हे केवळ घरच्यांनाच सांगता येते. ‘शक्यता आहे’ या शेवटच्या शब्दांना कोणाचाही आधार दिलेला नाही, पण न उलगडलेल्या सगळ्या चोऱ्यांचा संशय त्यांनी याच चौघांवर ठेवला.

हीच माहिती अशी लिहिता येते: “तालुक्यातील घरफोडीच्या गुन्ह्यांत चौघांना अटक केल्याचे स्थानिक गुन्हे शाखेने सांगितले. चौघांना न्यायालयात हजर केले असता त्यांना पोलिस कोठडी देण्यात आली. आपल्या अशिलांचा या गुन्ह्यांशी संबंध नसल्याचे त्यांच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले. अटकेच्या आदल्या दिवशीच पोलिसांनी त्यांना घरातून नेले होते, असा कुटुंबीयांचा आरोप आहे. पोलिसांनी तो फेटाळला.” अर्थात वकील व कुटुंबीय यांची विधाने प्रत्यक्ष विचारूनच लिहायची असतात, आणि त्यासाठी प्रतिनिधीला न्यायालयात व वस्तीवर जावे लागते. बातमीतील बदल भाषेपुरता नाही, तर कामाच्या पद्धतीतला आहे.

छायाचित्र

गुन्हेवृत्ताच्या छायाचित्राची मांडणी जवळपास ठरलेली असते. पुढे टेबलावर मुद्देमाल, त्यामागे जमिनीवर उकिडवे बसवलेले, काळ्या कापडाने तोंड झाकलेले आरोपी आणि मागे ओळीने उभे असलेले अधिकारी. तोंड झाकण्यामागे ओळख परेडचे कारण असते, पण पाहणाऱ्याला चेहरा नसलेली, खाली बसलेली माणसे दिसतात आणि मथळ्यात समाजाचे नाव असल्यामुळे तो चेहरा संपूर्ण समाजाचा होतो. अटक केलेल्यांना माध्यमांसमोर असे उभे करू नये, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० मध्येच राज्यांना कळवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या माध्यम-निवेदनांसाठी मार्गदर्शक नियमावली तयार करण्याचे निर्देशही त्या मंत्रालयाला दिले. छायाचित्रात अल्पवयीन मूल असेल तर ते वेगळे नोंदवावे: कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा पीडित बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या चौऱ्याहत्तराव्या कलमाने मनाई आहे.

नाव बदलून पाहावे

जमवलेल्या कात्रणांतून आता एखाद्या पतसंस्थेतील अपहाराची बातमी काढावी. संचालक मंडळातील माणसांवर ठेवीदारांचे पैसे लुबाडल्याचा गुन्हा दाखल झालेला असतो, रक्कम घरफोडीच्या कितीतरी पट असते, पण त्यात संचालकांची जात मथळ्यात येत नाही. ‘टोळी’ हा शब्द येत नाही. ‘आपल्याला राजकीय आकसाने गोवले’ हे अध्यक्षांचे म्हणणे मात्र सविस्तर येते. पहिल्या बातमीचे शब्द दुसरीत घालून मोठ्याने वाचून पाहावे. ज्या ठिकाणी वाचताना अडखळायला होईल तेथे तो शब्द कोणासाठी राखून ठेवला आहे हे समजते. पतसंस्थेच्या बातमीत जात नसणे हेच योग्य आहे. तोच न्याय पालावर राहणाऱ्यालाही मिळावा एवढीच अपेक्षा आहे.

हा भेद का पडतो याचे उत्तर काही अंशी वृत्तसंस्थांच्या रचनेत सापडते. ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलाँड्री हे वृत्तसंकेतस्थळ यांनी २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्च जातींतील पत्रकार होते आणि अनुसूचित जाती-जमातींतील एकही नव्हता. ही तक्रार महाराष्ट्राला नवी नाही: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा पहिल्याच अंकात मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, असे त्यांनी लिहिले होते.

गौरवाची बातमीही तपासावी

तीन महिन्यांच्या नोंदीत एखादी बातमी निराळी निघेल. विमुक्त समाजातील मुलगी फौजदार झाली, मुलगा परदेशी शिकायला गेला. तिचे स्वागतच करावे, पण ती कशी लिहिली आहे हेही पाहावे. ‘गुन्हेगारीचा शिक्का पुसून’ किंवा ‘चोरीच्या वाटेवरील समाजातून’ अशी सुरुवात असेल तर त्या मुलीच्या यशासाठी तिच्या आईवडिलांना पुन्हा एकदा गुन्हेगार ठरवले गेले. दगड फोडून, शेतमजुरी करून किंवा ऊस तोडून मुलांना शिकवणारे आईबाप त्या वाक्यात कोठे आहेत, असा प्रश्न विचारावा. नोंदवहीत आणखी एक गोष्ट तपासावी: जातीचे दाखले, रेशनकार्ड, वस्तीची जागा, दफनभूमी या प्रश्नांवर त्याच काळात किती बातम्या आल्या. ३१ ऑगस्ट तुमच्या काळात येत असेल तर त्या दिवशीचा व दुसऱ्या दिवशीचा अंक जरूर पाहावा.

शेवट कळेपर्यंत पाठपुरावा

अटकेची बातमी सगळे छापतात, सुटकेची फार थोडे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयातील खटल्याची स्थिती गुन्हा क्रमांक व पोलिस ठाण्याच्या नावावरून शोधता येते. बातमीत क्रमांक नसेल तर तो ठाण्यातून किंवा वकिलाकडून घ्यावा. निकालाला वर्षे लागतात, म्हणून निदान जामीन मिळाला का व दोषारोपपत्र कोणत्या कलमांखाली दाखल झाले एवढे तरी नोंदवावे.

आरोप आणि निकाल यांना मिळणाऱ्या जागेतील तफावत मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर २०२० चे उदाहरण घ्यावे. मार्च-एप्रिल महिन्यांत तबलिगी जमातीच्या दिल्लीतील मेळाव्यावरून वाहिन्यांनी करोनाच्या फैलावाचे खापर एका धर्मसमुदायावर फोडले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे व छापील आणि दृक्‌श्राव्य माध्यमांतून मोठा अपप्रचार झाल्याचे नमूद केले. एप्रिलमधील व ऑगस्टमधील एकाच वृत्तपत्राचे अंक शेजारी ठेवून दोन्ही बातम्यांचे पान, मथळा व जागा मोजावी.

मोबाइलवर फिरणारा मजकूर

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकीसाठी फिरणारे लोक होते, त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या आधी व्हॉट्सअॅपवरून पसरल्या होत्या. अफवेत कोणाचे नाव नव्हते. ‘बाहेरून आलेले अनोळखी लोक’ एवढ्याच वर्णनावर गावाने माणसे ठरवली, आणि ते वर्णन भटक्या माणसाला लागू करण्याची सवय अफवेच्या कितीतरी आधीची आहे. म्हणून तपासाच्या काळात गावाच्या, सोसायटीच्या व नातेवाइकांच्या गटांवर येणारे ‘सावधान’ म्हणून सुरू होणारे संदेशही तारखेसह नोंदवून ठेवावेत. घटना कोणत्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत घडली ते न सांगणारा संदेश पुढे पाठवू नये. शंका असेल तर ठाण्यात फोन करून विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच गटावर टाकावे.

मालिका व चित्रपटांना हीच कसोटी लावता येते, फक्त तेथे मथळ्याऐवजी बोलीकडे लक्ष द्यावे: प्रमाण मराठी कोणाच्या तोंडी आहे, वऱ्हाडी किंवा मालवणी कोणाच्या, आणि हसू कोणाच्या बोलण्यावर येते.

वस्तीवर जाऊन दाखवावे

नोंदी पूर्ण झाल्या की त्या ज्यांच्याविषयी आहेत त्यांना दाखवाव्यात. ही पायरी अभ्यासगट हमखास गाळतात आणि मग समाजावर लिहिलेले आणखी एक टिपण तयार होते, ज्यात तो समाज बोलतच नाही. ओळखीच्या कार्यकर्त्याला बरोबर घेऊन, आधी विचारून जावे, वडीलधाऱ्यांना कात्रणे वाचून दाखवावीत आणि यात काय चुकले आहे ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. बातमी आल्यानंतर गावात कामाला बोलावणे थांबले का, शाळेत पोराला कोणी काही बोलले का, हे तेथेच कळते. कोणाचेही नाव, गाव वा फोटो त्यांच्या संमतीवाचून टिपणात घालू नये.

संपादकाकडे आणि त्यापुढे

तक्रार एका बातमीवर करण्यापेक्षा नोंदींचा तक्ता जोडून करावी. पत्र संपादकांच्या नावे, संयत भाषेत आणि एका पानात असावे. उदाहरणार्थ: “आपल्या जिल्हा आवृत्तीत तीन महिन्यांत आलेल्या घरफोडीच्या बातम्यांपैकी इतक्या बातम्यांत आरोपींचा समाज मथळ्यात दिला आहे, आर्थिक अपहाराच्या बातम्यांत तो एकदाही नाही. आचारसंहितेनुसार हा उल्लेख टाळावा, तसेच यांपैकी ज्या प्रकरणांत आरोपींची सुटका झाली आहे त्यांची बातमी तेवढ्याच ठळकपणे द्यावी, ही विनंती.” संपादकांनी दखल घेतली नाही तर प्रेस परिषदेकडे जाता येते. तेथे दैनिक व साप्ताहिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि संपादकांशी केलेला पत्रव्यवहार जोडावा लागतो. म्हणून संपूर्ण तीन महिने संपण्याची वाट न पाहता ठळक बातमीवरचे पत्र लगेच पाठवावे आणि तक्ता मागाहून द्यावा. परिषद दंड करू शकत नाही, पण १९७८ च्या प्रेस परिषद कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार ताकीद देऊ शकते किंवा ठपका ठेवू शकते.

वृत्तवाहिन्यांसाठी पहिली तक्रार वाहिनीकडेच करायची असते. ती वाहिनी वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची सदस्य असेल तर त्यापुढे त्या संघटनेच्या न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी या तक्रार मंडळाकडे जाता येते. प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत वाहिनीला लिहावे, त्यामुळे कार्यक्रमाची तारीख, वेळ व दुवा त्याच दिवशी टिपून ठेवावा. डिजिटल वृत्तप्रकाशनाने २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची तारीख, आलेले उत्तर आणि छापलेली दुरुस्ती याच नोंदवहीत, मूळ बातमीच्या ओळीसमोर लिहावी. पुढच्या वर्षी हेच तीन महिने पुन्हा तपासताना ती उपयोगी पडते.